विकतची डीव्हीडी चालते, घरी बर्न केलेली डीव्हीडी-आर मात्र ड्राइव्ह घेत नाही

भजनी_कट्टा

नमस्कार. डेस्कटॉपमधला डीव्हीडी रायटर घरी बर्न केलेल्या डिस्क नाकारतोय. ड्राइव्ह पूर्ण आकाराचा, साटा केबलचा, साधारण दहा वर्षं वापरातला. विंडोज १०.

काय चालतं आणि काय नाही ते सांगतो. विकतची ऑडिओ सीडी लगेच चालते. २००८-०९ सालच्या सीडी-आरसुद्धा उघडतात. विकतची डीव्हीडी चालते. पण लॅपटॉपवर बर्न केलेली डीव्हीडी-आर टाकली की डिस्क फिरते, आतून बारीक टक्-टक् ऐकू येतं, वेग वाढतो, पुन्हा मंदावतो आणि वीस-तीस सेकंदांनी विंडोज म्हणतं, ‘प्लीज इन्सर्ट अ डिस्क’. कोरी डीव्हीडी-आर टाकली तरी हेच. त्याच डिस्क लॅपटॉपमध्ये व्यवस्थित उघडतात. काही डिस्क विंडोजमध्येच फाइली ओढून टाकून केल्या आहेत, काही इमगबर्न या बर्न करायच्या प्रोग्रामने.

साटा केबल बदलली, मदरबोर्डवरचं पोर्ट बदललं, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह काढून पुन्हा ओळखवला. फरक नाही. डिस्कवर भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी आहेत आणि प्रती बऱ्याच घरांत जाणार आहेत, म्हणून कारण कळायला हवं. ड्राइव्ह गेला का? लेन्स साफ करून उपयोग होईल? की कमी वेगाने पुन्हा बर्न करू?

लेसर_६५०

केबल आणि ड्रायव्हर यांच्या मागे आता लागू नका. विकतच्या डिस्क चालतात म्हणजे तो मार्ग ठीक आहे.

आधी विंडोज नेमकं काय म्हणतं याकडे बघा, कारण गाडी कुठे अडते ते त्या संदेशातच कळतं. ‘प्लीज इन्सर्ट अ डिस्क’ म्हणजे आत डिस्क आहे हेच ड्राइव्हला पटलेलं नाही. ‘इनकरेक्ट फंक्शन’ आलं असतं तर डिस्क ओळखली पण फाइल सिस्टीम (फाइली मांडायची पद्धत) समजली नाही, असा अर्थ झाला असता. ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ आलं असतं तर सगळं ओळखलं, फक्त ठरावीक सेक्टर वाचता आले नाहीत. तुमचं पहिल्याच पायरीवर अडलंय.

त्या पायरीवर होतं असं: ड्राइव्ह लेन्स वरखाली हलवून फोकस शोधतो. ती टक्-टक् त्याचीच, फोकस सापडला नाही की तो पुन्हा पुन्हा शोधतो. सापडल्यावर परत आलेला प्रकाश किती आहे ते मोजून डिस्कचा प्रकार ठरवतो आणि मग सगळ्यात आतल्या कड्यावरचं लीड-इन, म्हणजे डिस्कची ओळख सांगणारा भाग, वाचतो. परत येणारा प्रकाश डिस्कगणिक वेगळा असतो. विकतची सीडी ७० टक्के किंवा जास्त परत पाठवते, सीडी-आरडब्ल्यू १५ ते २५. एकाच थराची डीव्हीडी, विकतची असो की डीव्हीडी-आर, ४५ ते ८५ टक्क्यांत बसते. दुहेरी थराची विकतची डीव्हीडी आणि सगळ्या डीव्हीडी-आरडब्ल्यू १८ ते ३० टक्के.

म्हणजे कागदावर डीव्हीडी-आर आणि विकतची डीव्हीडी एकाच पट्ट्यात आहेत. तरी डीव्हीडी-आर आधी मार खाते, कारण विकतच्या डिस्कमध्ये खड्डे साच्यातून छापलेले असतात, कडा स्वच्छ असतात. बर्न केलेल्या डिस्कमध्ये खड्डा नसतोच, लेसरने रंगद्रव्याचा थर तापवून केलेली खूण असते. तिचा सिग्नल मुळातच थोडा अस्थिर. लेन्स धूसर झाली किंवा लेसर थकला की हा उरलासुरला फरक निर्णायक ठरतो.

सीडी-आर चालतात हा मोठा दुवा आहे. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर, डीव्हीडीसाठी ६५० चा, दोन्ही वेगळे. तुमचा ७८० चा धडधाकट आहे. पण एवढ्यावरून ६५० चा गेला असं म्हणू नका. लेन्सवरची धूळही डीव्हीडीलाच आधी नडते. सीडीवरची सगळ्यात छोटी खूण सुमारे ०.८३ मायक्रॉनची आणि दोन वेढ्यांत अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर हेच ०.४० आणि ०.७४. किरणाचा ठिपका जरा पसरला तरी सीडी निभावते, डीव्हीडी नाही.

तीन गोष्टी तपासून सांगा. दुहेरी थराची चित्रपटाची डीव्हीडी (मोठे चित्रपट बहुधा त्यावरच असतात, प्रॉपर्टीजमध्ये ४.७ अब्ज बाइटपेक्षा जास्त जागा वापरलेली दिसली की ती दुहेरी) किती वेळात ओळखली जाते आणि मध्ये अडकते का? कुणाकडे डीव्हीडी प्लस आर (एकदाच लिहायच्या डिस्कचा दुसरा प्रकार) असेल तर ती चालते का? आणि तुमची डीव्हीडी-आर तिसऱ्याच एखाद्या मशीनवर चालते का? ज्या ड्राइव्हने बर्न केली त्यावर चालणं हा पुरावा धरू नका. स्वतःचं लिखाण बहुतेक ड्राइव्ह वाचतात.

दुहेरी थराची डिस्क झटकन उघडत असेल, तर लेन्स आणि लेसर बहुधा निर्दोष, दोष आधी बर्न करण्यात शोधायचा. तीही अडखळत असेल तर स्क्रूड्रायव्हर काढायचा.

तळथर

वरच्याशी सहमत. पण एक प्रश्न आधी निकालात काढायला हवा, तो म्हणजे डिस्क बंद केल्या आहेत का. ‘विंडोजमध्ये फाइली ओढून टाकून’ हे वाचून शंका आली.

विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की दोन पर्याय येतात. ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ निवडलं तर फाइल टाकाल तशी लगेच लिहिली जाते आणि सेशन, म्हणजे त्या वेळचं लिखाण, उघडं राहतं. ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’ निवडलं तर फाइली आधी जमतात आणि ‘बर्न’ म्हटल्यावर एकदम लिहिल्या जातात. पहिल्या पद्धतीत इजेक्ट करताना विंडोज सेशन आपोआप बंद करतं, पण मध्येच बॅटरी संपली, यूएसबी केबल ओढली गेली किंवा कुणी ती सेटिंग बंद ठेवली असेल तर डिस्क अर्धवट राहते. अशा डिस्कवर लीड-इन नीट लिहिलेलं नसतं. बर्न करणारा ड्राइव्ह स्वतःच्या खुणांवरून वाट काढतो, दुसरा ड्राइव्ह लीड-इन शोधत बसतो आणि हार मानतो. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच दिसतं.

लॅपटॉपवर इमगबर्न उघडा, ‘रीड’ मोडमध्ये जा आणि डिस्क टाका. उजव्या बाजूच्या माहितीत दोन ओळी बघायच्या: ‘डिस्क स्टेटस’ आणि ‘स्टेट ऑफ लास्ट सेशन’. दोन्हीकडे ‘कम्प्लीट’ असेल तर डिस्क पक्की बंद आहे. स्टेटस ‘इन्कम्प्लीट’ आणि शेवटचं सेशन ‘एम्प्टी’ असेल तर मागचं सेशन बंद आहे, पण डिस्क अजून भर घालण्यासाठी खुली आहे. अशा डिस्क नव्या ड्राइव्हवर चालतात, जुन्या आणि टीव्हीखालच्या प्लेअरवर चालतीलच असं नाही. दोन्हीकडे ‘इन्कम्प्लीट’ म्हणजे सेशनच उघडं.

उघडं सेशन बंद करायचं तर ज्या लॅपटॉपवर बर्न केलं त्याच लॅपटॉपवर डिस्क टाकून ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक, ‘क्लोज सेशन’. काम संपेपर्यंत हात लावू नका. डिस्कवरच्या फाइलींची प्रत मात्र आधी हार्ड डिस्कवर काढून ठेवा, कारण बंद करताना अडचण आली तर ती डिस्क पुन्हा कुठेच उघडणार नाही.

त्याच खिडकीत ‘मीडिया आयडी’ पण दिसतो, तो लिहून घ्या. खोक्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष कारखाना यांचा संबंध असेलच असं नसतं. आयडी कारखाना सांगतो. एमबीआयने सुरू होणारा कोड नोएडाच्या मोझर बेअरचा. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली, तेव्हा आज दुकानात मिळणारी तिची डिस्क बरीच वर्षं गोदामात पडून असलेली असणार. त्यात डिस्क वाईटच असेल असं नाही, पण कोकणासारख्या दमट हवेत खोकं उघडं राहिलं असेल तर कडेकडेने थर सुटलाय का ते उजेडात धरून बघावं.

भजनी_कट्टा

दोघांचेही आभार. तपासलं ते असं:

दुहेरी थराची चित्रपटाची डीव्हीडी ओळखायला जवळपास अर्धा मिनिट लागतो, आणि मध्यावर चित्र थिजतं. डीव्हीडी प्लस आर एक मिळाली, ती उघडली पण फाइल कॉपी करताना वेग पडतो आणि एका फाइलवर सायक्लिक रिडंडन्सीची चूक येते. माझ्या डीव्हीडी-आर शेजारच्या संगणकावर टाकल्या. इमगबर्नने केलेल्या सगळ्या उघडल्या. विंडोजने केलेल्यांपैकी दोन तिथेही उघडल्या नाहीत. लॅपटॉपवर त्या दोन्हींना दोन्ही ओळींत ‘इन्कम्प्लीट’ दिसतं. बाकी ‘कम्प्लीट’.

म्हणजे दोन वेगळी दुखणी एकत्र आहेत असं समजू का?

लेसर_६५०

हो, अगदी तसंच. त्या दोन डिस्क वेगळ्या ठेवा, त्यांचं औषध ‘क्लोज सेशन’. बाकीच्या पक्क्या बंद आहेत आणि दुसरीकडे चालतात, तेव्हा त्यांच्या बाबतीत दोष तुमच्या ड्राइव्हच्या डोळ्यात आहे. दुहेरी थर मध्यावर थिजणं हे तर नेहमीचं लक्षण. तिथे ड्राइव्हला एका थरावरून दुसऱ्यावर फोकस उडी मारून न्यावा लागतो आणि सिग्नल कमी असला की उडी चुकते.

कोरी डिस्क न ओळखणं याच रांगेतलं. कोऱ्या डिस्कवर खुणा नसतात, नुसती नागमोडी खाच असते. तिच्या नागमोडीवरून आणि खाचांमधल्या बारीक चिन्हांवरून ड्राइव्हने डिस्कचा आयडी वाचायचा असतो. तो सिग्नल सगळ्यात नाजूक.

लेन्स साफ करा. जमलं तर ठीक, नाहीतर लेसर थकलाय असं धरायचं.

सोल्डर_गल्ली

साफ करण्याची पद्धत नीट सांगतो, कारण घाईत इथेच ड्राइव्ह कायमचे जातात.

बाजारात मिळणारी ब्रश लावलेली ‘लेन्स क्लीनर’ सीडी वापरू नका. ती फिरताना ब्रश लेन्सवर आपटतो. लेन्स चार केसासारख्या तारांवर तोललेली असते, आणि डीव्हीडी रायटरचा वेग सीडी प्लेअरपेक्षा बराच जास्त.

लागणाऱ्या वस्तू: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, घट्ट वळलेल्या कापसाच्या चांगल्या काड्या, कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर, बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, सरळ केलेली मजबूत पेपर क्लिप. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि लेन्सवर थर बसतो. थिनर आणि ॲसिटोन तर प्लास्टिकची लेन्स पांढरी करतात. काच पुसायचं निळं पाणीही नको.

संगणक बंद करा, वायर भिंतीतून काढा. डिस्क आत नाही ना ते आधीच बघून घ्या. ड्राइव्ह बाहेर काढा. पुढच्या बाजूच्या छोट्या भोकात पेपर क्लिप सरळ घाला आणि दाबा, ट्रे दीड-दोन सेंटिमीटर बाहेर येतो, मग हाताने ओढा. ट्रेच्या तोंडावरची पट्टी वरच्या दिशेने सरकवून निघते. त्यानंतर पुढचं प्लास्टिकचं तोंड. बाजूंना आणि खाली कड्या असतात, त्या नखाने आत दाबत काढायच्या. ड्राइव्ह उलटा करून खालचे चार स्क्रू काढले की पत्रा सुटतो. सर्किट बोर्ड आणि त्याच्या चपट्या फिती दिसतील. त्यांना हात लावायचा नाही. पुन्हा सुलटा करून वरचा पत्रा उचला. आता मधोमध मोटरची चकती आणि तिच्या मागे निळसर झाक असलेली लेन्स दिसेल. आडवी पट्टी वाटेत येत असेल तर ती तशीच ठेवून बाजूने काडी जाते का बघा.

काम सुरू करण्याआधी संगणकाच्या कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. लेसर डायोड स्थिर विजेने मरतो आणि तेही लगेच नाही, थोड्या दिवसांनी.

आधी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार पडतात. मग काडीचं टोक अल्कोहोलमध्ये बुडवून कागदावर टिपून घ्या, फक्त ओलसर राहिली पाहिजे. थेंब पडला तर तो लेन्सच्या कडेने आत जातो आणि आतल्या बाजूला डाग धरतो. तो काढता येत नाही. मधून बाहेर गोल, दोन-तीन वेढे, काडीच्या वजनाइतकाच दाब. लेन्स खाली दबली तर काळजी नको, सोडल्यावर वर येते. बाजूला ढकलू मात्र नका. दुसऱ्या कोरड्या काडीने एकदा फिरवा. टॉर्चच्या तिरप्या उजेडात धुरकट पट्टा दिसत नसेल तर थांबा. पुन्हा पुन्हा पुसण्याने वरचा लेप जातो.

उघडलंच आहे तर आणखी दोन जागा. मोटरच्या चकतीवर रबराची गोल पट्टी असते, तीवर डिस्क बसते. ती अल्कोहोलने पुसा. गुळगुळीत झाली की डिस्क घसरते आणि वेग वाढवताना वाचन तुटतं. लेन्सचा गाडा ज्या दोन सळ्यांवर सरकतो त्यांवरचं ग्रीस घट्ट होऊन काळं पडलेलं असेल तर पुसून प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस काडीच्या टोकावर मावेल इतकंच लावा. शिवणयंत्राचं तेल नको, ते उडून लेन्सवर बसतं.

गाड्यावर इवलासा स्क्रूसारखा रोधक दिसला तर तो फिरवू नका. फिरवून लेसरचा जोर वाढवा असे सल्ले मिळतात. त्याने आज डिस्क वाचली तरी डायोड लवकर जळतो, आणि रायटरमध्ये लिहिण्याचं गणितच बिघडतं.

पत्रे उघडे असताना वीज देऊ नका. सीडीचा किरण जवळजवळ दिसत नाही, डीव्हीडीचा लाल दिसतो, पण डोळ्याला दोन्ही इजा करतात.

भजनी_कट्टा

लेन्सवर तपकिरी धुरकट थर होता, तो निघाला. आता इमगबर्नच्या सगळ्या डीव्हीडी-आर उघडतात, प्लस आरवरची अडलेली फाइलही उतरली. दुहेरी थर लवकर ओळखतो, पण अजून कधीतरी मध्ये थांबतो. कोरी डिस्क ओळखतो, मात्र लिहायला लावलं की सुरुवातीलाच ‘पॉवर कॅलिब्रेशन’ची चूक येते. डिस्क वेगळ्या खोक्यातली घेतली तरी तेच.

उघड्या सेशनवाल्या दोन्ही डिस्क लॅपटॉपवर बंद झाल्या. आता नव्या प्रती काढताना सेटिंग काय ठेवू, म्हणजे जुन्या प्लेअरवरही चालतील? फाइलींची नावं मराठीत आहेत.

लेसर_६५०

पॉवर कॅलिब्रेशन म्हणजे लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या राखीव आतल्या भागात वेगवेगळ्या जोराने चाचणी लिहून बघतो. कुठल्याच जोराला हवी तशी खूण उमटली नाही की ही चूक येते. वाचायला लेसर अगदी मंद लागतो, लिहायला त्याच्या कित्येक पट. डायोड म्हातारा झाला की लिहिणं आधी जातं, वाचन त्यानंतर बराच काळ टिकतं. हा ड्राइव्ह वाचायला ठेवा, बर्न लॅपटॉपवरच करा. त्यावर आणखी कोऱ्या डिस्क वाया घालवू नका.

तळथर

सेटिंग सांगतो.

इमगबर्नमध्ये ‘बिल्ड’ मोड. फाइल सिस्टीम ‘आयएसओ ९६६० + जोलिएट + यूडीएफ’, यूडीएफची आवृत्ती १.०२. विंडोजच्या ओढून-टाका पद्धतीत नवी आवृत्ती वापरली जाते आणि जुने प्लेअर तिथेच अडतात. मराठी नावांसाठी जोलिएट हवंच. नुसत्या आयएसओ ९६६० मध्ये देवनागरी अक्षरांच्या जागी खुणा येतात. पण जोलिएटची मर्यादा ६४ अक्षरांची आणि तिथे प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘ज्ञानेश्वर’ हा एकच शब्द दहा जागा खातो. नावं आखूड ठेवा आणि सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे इंग्रजी अंकांत द्या, म्हणजे क्रम बिघडणार नाही. टीव्हीच्या प्लेअरला मराठी नाव दाखवता आलं नाही तरी आकडा दिसेल.

वेग: १६ एक्सच्या डीव्हीडी-आरवर ८ एक्स, लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हवर ६ किंवा ४. सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात चांगलं, ही समजूत सोडा. रंगद्रव्य वेगवान लेखनासाठी बनवलेलं असतं आणि ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्राममध्ये) त्या मीडिया आयडीसाठी ठरावीक वेगांचं गणित असतं. १ किंवा २ एक्सचा हट्ट धरला तर ड्राइव्ह ढोबळ गणिताने लिहितो. सीडी-आर बर्न करायची वेळ आली तर ५२ एक्सच्या डिस्कवर १६ ते २४.

‘फिनलाइज डिस्क’ आणि ‘व्हेरिफाय’ दोन्हींवर खूण. नंतर प्रत्येक खोक्यातली पहिली डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण कॉपी करून बघा, नुसती उघडून नाही. चुका बहुतेक बाहेरच्या कडेला असतात आणि तिथे शेवटच्या फाइली.

भजनं जेमतेम ३००-४०० एमबी असतील तर डीव्हीडीवर किमान १ जीबी भरा. वाव (न आकसलेल्या आवाजाच्या) फाइली सोबत टाकल्या तरी भरेल. फार थोडं लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेअर भरकटतात. नीरो या बर्न करायच्या प्रोग्राममध्ये याचसाठी किमान १ जीबी लिहिणारी वेगळी खूण होती. ऐकण्यापुरतंच असेल तर सरळ ८० मिनिटांची ऑडिओ सीडी करा, ‘डिस्क ॲट वन्स’ पद्धतीने, म्हणजे सगळी डिस्क सलग एकदम लिहून. ९० आणि ९९ मिनिटांच्या सीडी-आर टाळा, त्यांत वेढे जवळ आणलेले असतात.

एखाद्या घरातला प्लेअर डीव्हीडी-आर नाकारत असेल तर डीव्हीडी प्लस आर घ्या आणि बर्न करण्याआधी इमगबर्नमध्ये पुस्तकाच्या चिन्हावरून बुक टाइप (डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करा. प्लेअरला ती विकतची डिस्क वाटते. ही सोय ड्राइव्हच्या चिपवर अवलंबून आहे, आणि डीव्हीडी-आरमध्ये ती नाहीच.

वर कागदी लेबल चिकटवू नका. दमट हवेत ते एका बाजूने सुटतं, डिस्क असमतोल फिरते. पाण्याच्या शाईचं मऊ पेन, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. सीडी-आरच्या बाबतीत तर वरची बाजू जास्त जपायची. तिचा लिहिलेला थर लेबलच्या बाजूला, फक्त लाखेच्या पातळ थराखाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित.

सोल्डर_गल्ली

दुहेरी थराच्या डिस्कसाठी बाहेरून जोडायचा पातळ यूएसबी ड्राइव्ह घेणार असाल तर तो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. डिस्क वेग घेताना आणि लिहिताना ड्राइव्हला क्षणभर ५०० च्या वर लागतं. पुढच्या पोर्टच्या लांब वायरीत किंवा वीज नसलेल्या हबवर व्होल्टेज पडतं आणि नवा ड्राइव्हसुद्धा बर्न केलेली डिस्क ‘नाही’ म्हणून परत देतो. दोन तोंडांची वाय केबल सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.